आर म्हणतं, जागा नाही!

‘कॅनॉट अ‍ॅलोकेट व्हेक्टर ऑफ साइझ ३.० जीबी.’ आर वापरत असाल तर हे वाक्य तुम्हाला कधी ना कधी भेटणारच. मला भेटलं ते प्रोग्रेस रिपोर्टच्या आदल्या रात्री. लॅपटॉपची रॅम ८ जीबी, मागणी फक्त ३ची. मग अडलं कुठे?

सिनियरच्या जुन्या नोट्समध्ये उपाय होता: ‘मेमरी डॉट लिमिट’ वाढव. करून पाहिलं, काहीच फरक नाही. असं का, हे कळायला थोडं मागे जाऊ या.

रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंड विद्यापीठात आर लिहायला घेतलं. बेल लॅब्जमधली एस ही भाषा त्यांच्यासमोर होती. आरमध्ये डेटा सहसा अख्खा रॅममध्येच ठेवला जातो. सुरुवातीला तर किती मेमरी हवी हे आर सुरू करतानाच सांगावं लागे. डिसेंबर २०००मधल्या १.२.० आवृत्तीपासून ती गरजेप्रमाणे वाढू लागली.

पुढची भिंत होती ३२ बिटची. २चा ३२वा घात म्हणजे ४ जीबीएवढेच पत्ते, आणि त्यातले विंडोज एका प्रोग्रामला सहसा २ जीबीच देई. ‘मेमरी डॉट लिमिट’ त्या काळातलं, फक्त विंडोजसाठीचं. ६४ बिटमुळे ही भिंत हटली. २०२२च्या ४.२.० आवृत्तीत ३२ बिट विंडोजचा आधार गेला आणि हे फंक्शन नावापुरतं उरलं. माझ्या सिनियरचा उपाय चूक नव्हता, जुना होता.

आता माझा हिशोब बघा. २०,००० जीन्सचा सहसंबंध म्हणजे ४० कोटी आकडे. प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ३.२ अब्ज बाइट. आरच्या मोजणीत ३.० जीबी. तो मॅट्रिक्स तयार झाला होता! पुढे ‘एक वजा सहसंबंध’ करताना तेवढाच दुसरा लागला, आणि तिथे गाडी अडली. एररमधला आकडा एकूण मेमरीचा नसतो. न मिळालेल्या शेवटच्या तुकड्याचा असतो. आणि हो, हाताने ‘जीसी’ चालवून फारसं काही होत नाही. हार मानण्याआधी आरने ती साफसफाई केलेलीच असते.

शेवटी सर्वाधिक बदलणारे ५,००० जीन्स निवडले. जीन्स एक चतुर्थांश, पण मॅट्रिक्स एक षोडशांश: २० कोटी बाइट. काम काही मिनिटांत झालं. ही निवड का केली, हे मात्र रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावं लागलं, कारण आता तो मेमरीचा नाही, संशोधनाचा निर्णय होता.

तेव्हा पुढच्या वेळी एरर आली की आधी कागदावर ओळी गुणिले स्तंभ गुणिले ८ करा. उपाय शोधायचा तो त्यानंतर.