उकिडवं बसू नको, उकिडवं बस

गर्भिणीने काय टाळावं याची यादी सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. व्यायाम, दिवसाची झोप, रात्रीचं जागरण, शोक, भीती आणि उकिडवं बसणं. ‘दिवस गेलेत, जपून हो’ या मराठी घरांतल्या बोलण्यामागे अशीच काळजी असते. पण ती सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. पहाटे जात्यावर बसणारी, विहिरीवरून हंडे वाहणारी बाई दिवस भरत आले तरी कामातून सुटायची नाही. गिरणीतल्या बाईची गोष्ट तीच. तिला गरज होती ती विश्रांतीची, आणि त्यासाठी १९२९ साली मुंबई इलाख्यात मातृत्व लाभ कायदा करावा लागला. विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती.

याच सुमारास काश्मीरमधले अनुभव एक इंग्रज डॉक्टर लिहून काढत होती. कॅथलीन व्हॉन हे तिचं नाव. श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम करताना तिला दोन तऱ्हांच्या बायका दिसल्या. पडद्यातल्या घरांतल्या मुली वयात आल्या की अंधाऱ्या खोल्यांत बंद व्हायच्या. ऊन मिळायचं नाही, हाडं मऊ पडायची, कंबरेचा सांगाडा वेडावाकडा व्हायचा आणि बाळंतपणात बाळाला वाट मिळायची नाही. उलट, होड्यांवर राहणाऱ्या हांजी बायका उघड्यावर कष्ट करायच्या, उकिडव्या बसायच्या आणि सहज मोकळ्या व्हायच्या. यात व्यायामाचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. उन्हाचा वाटा मोठा असणार. तरीही व्हॉनबाईंनी सांगितलं ते महत्त्वाचं: बाईचं शरीर कोंडून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

हा विचार लंडनमध्येही रुजला. सेंट थॉमस रुग्णालयात मिनी रँडल ही फिजिओथेरपिस्ट बाळंतिणींकडून व्यायाम करून घेत होती. पुढे तिने गरोदर बायकांनाही शिकवायला घेतलं. तिचं बाळंतपणाच्या पूर्वतयारीचं पुस्तक १९३९ साली आलं. सुश्रुताने नको म्हटलेलं उकिडवं बसणं आता मुद्दाम शिकवलं जाऊ लागलं.

मग एक आकडा आला. १९८५ साली अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की गरोदर बाईची नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ नये आणि दमवणारा व्यायाम १५ मिनिटांपुढे नको. हेतू चांगला होता, पण पुरावा तोकडा होता. रोज धावणाऱ्या बाईला १४० म्हणजे काहीच नाही, आणि जिन्यानेच धाप लागणारीला तेवढंही जास्त. शिवाय गरोदरपणात नाडी मुळातच वाढलेली असते. जेम्स क्लॅप या डॉक्टरने धावणाऱ्या आणि एरोबिक्स करणाऱ्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. व्यायाम चालू ठेवल्याने गर्भपात वाढल्याचं त्याला दिसलं नाही. १९९४ साली १४० ची मर्यादा काढून टाकली गेली.

आज जागतिक आरोग्य संघटना निरोगी गरोदर बाईला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकी गती पुरे. त्याने गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो, वजन आटोक्यात राहतं. मात्र वार खाली असेल, रक्तदाब चढलेला असेल, गर्भपिशवीचं तोंड सैल असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. पडण्याची भीती असलेले खेळ टाळावेत. आणि चालता चालता अंगावरून जाऊ लागलं, पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

घरात कुणाला दिवस गेले असतील, तर तिला पलंगावर बसवून ठेवू नका. संध्याकाळी तिच्याबरोबर अर्धा तास चालायला जा.