पैठणीला लेबल नसतं! परदेशात ड्रायक्लीन आणि अल्टरचं काम कसं करून घ्यायचं?

नाशिकच्या द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता एकत्र येतात. या भागातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न होऊन परदेशात जाणाऱ्यांच्या बॅगेत काही कपडे हमखास असतात. येवल्याची पैठणी, त्यावरचे शिवलेले ब्लाऊज, मुलांचा एखादा सूट किंवा शेरवानी.

इथे असताना या कपड्यांची चिंता नसते. ब्लाऊज घट्ट झाला की गल्लीतल्या टेलरकडे टाकायचा, "दादा, दोन्ही बाजूंची एकेक टीप उसवा" एवढं सांगायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचा. साडीवर डाग पडला तर लॉन्ड्रीवाला कापडाला हात लावूनच ओळखतो की हे रेशीम आहे, इथे जर आहे, याला पाणी नको.

खरी अडचण तिकडे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पैठणी बाहेर निघते तेव्हा येते. दुकानं तिकडेही आहेत, पण त्यांची कामाची पद्धत वेगळी आहे.

तिकडचा दुकानदार आधी लेबल बघतो

परदेशातला ड्रायक्लीनर कपडा हातात घेतला की आधी आतल्या शिवणीवरचं लेबल शोधतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७१ मध्ये नियम आणला. त्यानुसार कपडा कसा धुवायचा याची सूचना लेबलवर द्यावी लागते. युरोपातल्या कपड्यांवर त्यासाठी ठरावीक चिन्हं असतात.

त्यातलं ड्रायक्लीनचं चिन्ह म्हणजे साधं वर्तुळ. वर्तुळात 'पी' असेल तर पर्क नावाचं रसायन चालतं. 'एफ' असेल तर फक्त सौम्य हायड्रोकार्बन द्रावण वापरायचं. 'डब्ल्यू' असेल तर व्यावसायिक वेट क्लीनिंग चालतं. वर्तुळावर फुली असेल तर ड्रायक्लीन करायचंच नाही. चौकोनात वर्तुळ दिसलं तर ते ड्रायक्लीनचं नसून ड्रायरचं चिन्ह आहे, तिथे गल्लत करू नका.

हातमागावरच्या पैठणीला किंवा गल्लीत शिवलेल्या ब्लाऊजला असं लेबल नसतं. म्हणून काही दुकानदार कपडा घेतच नाहीत. काही जण 'नुकसान झालं तर जबाबदारी आमची नाही' अशा कागदावर सही घेतात. लेबलवर जी माहिती असायला हवी होती, ती आता तुम्हालाच द्यावी लागते.

ड्रायक्लीन म्हणजे नेमकं काय?

नाव 'ड्राय' असलं तरी कपडा कोरडा राहत नाही. तो पाण्याऐवजी रासायनिक द्रावणात धुतला जातो. त्यामुळे तेल, तूप, मेकअप असे तेलकट डाग चांगले निघतात. घाम, सरबत किंवा साखरेचा डाग मात्र पाण्यात विरघळणारा असतो, तो नुसत्या द्रावणाने पूर्ण जात नाही. असा डाग आधी दिसत नाही, इस्त्रीच्या उष्णतेने नंतर पिवळा पडतो. म्हणून डाग कशाचा आहे हे काउंटरवर सांगायलाच हवं.

पर्क, म्हणजे पर्क्लोरोएथिलीन, हे या धंद्यातलं सगळ्यात जुन्या सवयीचं रसायन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे. कॅलिफोर्नियात ड्रायक्लीन दुकानांतली पर्कची मशीन २०२३ च्या सुरुवातीपर्यंत बंद करायची होती. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही डिसेंबर २०२४ मध्ये दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने पर्क बंद करण्याचा नियम जाहीर केला.

पर्कऐवजी काही दुकानं वेट क्लीनिंग करतात. त्यात खास साबण आणि मोजून पाणी वापरलं जातं. सुती किंवा लोकरी कपड्याला ते चालू शकतं, पण गडद रंगाच्या रेशमी साडीचा रंग पाण्यात उतरून काठावर पसरू शकतो. 'इको' किंवा 'ग्रीन क्लीनिंग' अशी पाटी दिसली तर 'यात पाणी वापरता का?' हे आधी विचारा.

शेरवानी किंवा लेहंग्याची अडचण वेगळी आहे. काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि बटणं पर्कमध्ये विरघळतात किंवा वाकडी होतात. गोंदाने चिकटवलेले खडे सुटून येतात.

कुठल्या देशात कुठे जायचं?

अमेरिका: अल्टरचं काम अनेकदा ड्रायक्लीनरच्या दुकानातच होतं. लॉन्ड्रोमॅट वेगळं, तिथे नाणी किंवा कार्ड टाकून आपले कपडे आपणच धुवायचे. 'वॉश अँड फोल्ड'मध्ये कपडे वजनावर धुऊन मिळतात, तिथे साडी चुकूनही देऊ नका.

ब्रिटन: टिम्पसनसारख्या साखळी दुकानांत चपला-बूट दुरुस्तीसोबत ड्रायक्लीनही होतं. बेरोजगार व्यक्तीला मुलाखतीला जायचं असेल तर टिम्पसन तिचे कपडे मोफत स्वच्छ करून देतं. नव्याने गेलेल्या विद्यार्थ्यांना हे सहसा माहीत नसतं.

जर्मनी: दोन पाट्या ओळखायला शिका. 'रायनिगुंग' म्हणजे ड्रायक्लीन आणि 'एंडरुंग्सश्नायडराय' म्हणजे अल्टर करणारा शिंपी.

फ्रान्स: नोव्हेंबर २०२३ पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेतल्यास ठरलेल्या दुकानांत बिलातून थेट सवलत मिळू लागली. ही योजना फाटलेली शिवण किंवा चेन अशा दुरुस्तीसाठी आहे, मापात बदल करण्यासाठी नाही.

दुबई आणि सिंगापूर: इथे त्रास सगळ्यात कमी. बर दुबईतला मीना बाजार आणि सिंगापूरच्या लिटल इंडियातलं टेक्का सेंटर इथे ब्लाऊज, सलवार शिवणारे टेलर मिळतात.

साडी-ब्लाऊजसाठी इतर देशांतही आधी भारतीय बाजारपेठ गाठावी. लंडनमधलं साउथॉल आणि वेम्बली, लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड, न्यू जर्सीत एडिसनजवळचा ओक ट्री रोड, शिकागोचा डेव्हन अव्हेन्यू, सिडनीचं हॅरिस पार्क ही त्यातली प्रसिद्ध ठिकाणं. तुमच्या शहरात असं काही नसेल तर महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअप ग्रुपवर विचारा. घरून ब्लाऊज शिवणारी एखादी ताई बहुतेक मोठ्या शहरांत असते.

टेलरला काय म्हणायचं?

अडचण अनेकदा शब्दांची असते. हे पाच शब्द लक्षात ठेवा:

• घट्ट करणे, आत घेणे – टेक इन
• माया सोडून सैल करणे – लेट आऊट
• पॅन्टची मोहरी दुमडून उंची कमी करणे – हेम
• बाही आखूड करणे – शॉर्टन द स्लीव्ह्ज
• चेन बदलणे – रिप्लेस द झिपर

अल्टरचे दर कपड्याच्या किमतीवर नाही, तर कामाला लागणाऱ्या वेळावर ठरतात. त्यामुळे साध्या पॅन्टची उंची कमी करायलाही कधी कधी पॅन्टच्या किमतीएवढे पैसे लागतात. अस्तर असलेला कोट किंवा खांद्याचं काम आणखी महाग पडतं. काम द्यायच्या आधी दर आणि तारीख दोन्ही पावतीवर लिहून घ्या. 'संध्याकाळपर्यंत द्या ना' हे तिकडे चालत नाही, आठवडाभर आधी कपडा द्यावा लागतो.

निघण्याआधी इथेच काय करून घ्यायचं?

१. माया ठेवा. ब्लाऊज शिवताना दोन्ही बाजूंना दीड ते दोन इंच माया ठेवायला सांगा. आत कापडच नसेल तर जगातला कुठलाही टेलर ब्लाऊज सैल करू शकत नाही. रेडिमेड कपड्यांत माया फारच कमी असते, ते आधीच अंगाला लावून बघा.

२. उरलेलं कापड फेकू नका. ब्लाऊजपीसचा तुकडा, अस्तर, जुळणाऱ्या रंगाचं दोऱ्याचं रीळ आणि थोडे हुक एका पिशवीत भरून घ्या.

३. मापाचा ब्लाऊज वेगळा ठेवा. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज सोबत असेल तर तिकडच्या टेलरला गळा, मोंढा, बाही समजावत बसावं लागत नाही.

४. फॉल-पिको आणि पहिलं ड्रायक्लीन इथेच उरका. फॉल लावणारं दुकान परदेशात सहज सापडत नाही. आणि ओळखीच्या लॉन्ड्रीवाल्याकडे साडी एकदा धुऊन झाली की रंग पक्का आहे का तेही कळतं.

५. स्वतःचं लेबल बनवा. एका कार्डावर इंग्रजीत लिहा: शुद्ध रेशीम, धातूची जर, पाणी नको, जरीवर थेट वाफ नको, इस्त्री उलट्या बाजूने आणि वर कापड ठेवून. हे कार्ड साडीसोबत ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

६. बिल जपा. खरेदीच्या बिलाचा आणि साडीच्या काठ-पदराचा फोटो काढून ठेवा.

कपडा खराब झाला तर?

कपडा परत घेताना काउंटरवरच उघडून बघा. घरी जाऊन आठवड्याने तक्रार केली तर दुकानदाराला हात झटकणं सोपं जातं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा देणाऱ्याने वाजवी काळजी आणि कौशल्याने काम करणं बंधनकारक आहे. अमेरिकेत भरपाई ठरवताना कपड्याचं वय धरून किंमत कमी केली जाते. बिल आणि आधीचे फोटो इथेच कामाला येतात. आजीची पैठणी या हिशेबात 'जुना कपडा' ठरते, तिची खरी किंमत कुणी भरून देत नाही.

म्हणून अशी साडी दर वेळी ड्रायक्लीनला द्यायची गरज नाही. नेसून झाल्यावर सावलीत वारा लागू द्या, सुती कापडात गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी बदला. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. जरीवर परफ्यूम मारू नका आणि डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. डाग पडला तर घासू नका, कोऱ्या कपड्याने टिपून घ्या. आणि तिकडच्या दुकानाबद्दल जराही शंका असेल, तर साडी पुढच्या सुट्टीत नाशिकला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून घरी पाठवा. परदेशात राहणारी अनेक मराठी कुटुंबं आजही हेच करतात.