के.ई.एम. रुग्णालय, मुंबई : न्यूरोसर्जरी विभाग

न्यूरोसर्जरी विभाग, के.ई.एम. रुग्णालय हा परळ, मुंबई येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचा मेंदू, मज्जारज्जू व पाठीचा कणा यांवरील शस्त्रक्रियांचा विभाग आहे. रुग्णालय बृहन्मुंबई महानगरपालिकेचे असल्याने येथे मुंबईसह ठाणे, कल्याण आणि कोकणातील रुग्णही उपचारासाठी येतात. महाविद्यालय पूर्वी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. आता ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

स्थापना

रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. अध्यापक भारतीयच असावेत, या अटीवर सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेतून महाविद्यालयास देणगी मिळाली होती. भारतातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू केला. मुंबईत या शाखेचा पाया माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकलेल्या रामचंद्र गिंडे यांनी घातला, तर के.ई.एम.मधील विभाग होमी दस्तूर यांनी उभारला. पुढील पिढीतील विभागप्रमुख सुनील पंड्या हे वैद्यकीय नीतिशास्त्रावरील लेखनासाठीही ओळखले जातात.

कवटी व मानेच्या सांध्यावरील कार्य

विभागाची खरी ओळख या एका सांध्याशी जोडलेली आहे. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकले, तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय दुर्बळ होतात. कधी श्वसनही धोक्यात येते. येथील मज्जाविकारतज्ज्ञ एडी भरुचा व दस्तूर यांनी अशा जन्मजात विकृतींच्या ४० रुग्णांचा अभ्यास १९६४ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्या काळी मणक्यांच्या कमानी मागून तारेने बांधून हाडाचा तुकडा बसवत असत. तारेची पकड सैल होई. अतुल गोयल यांनी थेट सांध्यापर्यंत जाऊन दोन्ही मणक्यांच्या पार्श्वभागांत स्क्रू बसवून ते पट्टीने जोडण्याची पद्धत विकसित केली आणि लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये ती प्रसिद्ध केली. मेंदूला रक्त पुरवणारी कशेरुक धमनी अगदी लगत असल्याने ही शस्त्रक्रिया जोखमीची आहे. २००२ मध्ये गोयल यांनी १६० रुग्णांचा अहवाल मांडला. दरम्यान २००१ मध्ये जर्मनीतील युर्गेन हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरणारी सुधारित पद्धत मांडली. ती काही काळ केवळ हार्म्स यांच्याच नावाने ओळखली गेली, जे प्रसिद्धीचा क्रम पाहता न्याय्य नव्हते. आता 'गोयल-हार्म्स पद्धत' हे नाव रूढ आहे.

कियारी विकृतीचे मूळही याच सांध्याच्या अस्थिरतेत असते, हे गोयल यांचे नंतरचे प्रतिपादन मात्र अद्याप वादग्रस्त आहे.