ऐतिहासिक कादंबऱ्यांची निवड

मराठी कादंबरीच्या प्रदेशांत एक सृष्टि अशी आहे कीं, ती कोणा एका लेखकाच्या मालकीची नाहीं. शिवकाल आणि पेशवाई यांची ही सृष्टि होय. १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ प्रसिद्ध झाली, तेव्हांपासून पिढ्यान्‌पिढ्या लेखक तेथें वस्तीस येत आहेत. हरिभाऊ आपट्यांनीं ‘उषःकाल’ लिहिली, नाथमाधवांनीं ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून स्वराज्याच्या कादंबऱ्यांची मालाच गुंफिली, वि. वा. हडपांनीं पेशवाई कादंबरीमय केली, त्यांच्यामागून गो. नी. दांडेकर, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील आले. गड तेच, पुरुष तेच, लढायाहि त्याच. परंतु प्रत्येकानें त्यांत आपली माणसें, आपले संवाद आणि आपले निवाडे घातले. परिणाम असा झाला आहे कीं, हौशी वाचक एकदां आंत शिरला म्हणजे कोणत्या वाटेनें जावें हें त्यास उमगत नाहीं, आणि सर्व वाटा चालण्यास तर आयुष्य पुरत नाहीं.

निवडीचा हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता, तर त्यावर लेखणी झिजविण्याचें कारण नव्हतें. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षीं वाचलेली कादंबरी आमच्या समाजांत बहुधा जन्मभर इतिहास म्हणूनच मनांत राहते. पुढें बखरी आणि शकावल्या उघडणारे थोडे. म्हणून घरांत कोणतें पुस्तक आणावें याचा विचार वडीलधाऱ्यांनीं करणें अगत्याचें आहे.

सामान्यतः तीन सल्ले ऐकूं येतात. पहिला, घटनांच्या क्रमानें वाचावें. स्वराज्याची स्थापना अगोदर, पानिपत मागाहून. हा सल्ला सोयीचा खरा. पण त्यायोगें कादंबरीस क्रमिक पुस्तकाची जागा मिळते, आणि चांगली कोणती व सुमार कोणती हा विचारच उरत नाहीं. दुसरा, जिचें नांव गाजत असेल ती वाचावी. परंतु गाजण्यास नाटक, चित्रपट, वाद अशीं नाना कारणें असतात. तिसरा सल्ला, लिहिल्या गेल्या त्या क्रमानें वाचाव्या, हा त्यांतल्या त्यांत शहाणपणाचा. इतिहासाचें ज्ञान कसकसें वाढत गेलें तें त्यावरून दिसतें. ‘उषःकाल’ ही ‘करमणूक’ पत्रांतून १८९५ ते १८९७ या काळांत प्रसिद्ध झाली. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा. म्हणजे पुढील पिढ्यांस जे कागद मिळाले, ते हरिभाऊंपुढें नव्हते. तसेंच संभाजी महाराजांचें. बखरींनीं त्यांची मूर्ति मलिन करून ठेविली होती, वा. सी. बेंद्रे यांचें साधार चरित्र १९६० सालीं आलें, आणि त्यानंतरच्या ‘छावा’ (१९७९) व ‘संभाजी’ (२००५) या कादंबऱ्यांत निराळाच पुरुष उभा राहिला. तथापि बरें-वाईट ठरविण्याची कसोटी याहि क्रमांत नाहीं.

ती कसोटी एका लहानशा उदाहरणावरून स्पष्ट होईल. उमराणी हें गांव जत तालुक्यांतलें. १६७३ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं पन्हाळा घेतला. त्यावर विजापूरचा सरदार बहलोलखान चालून आला, आणि एप्रिलांत प्रतापराव गुजरांनीं त्यास उमराणीजवळ गांठिलें. हा मुलूख कोरडा, अवर्षणाचा. उन्हाळ्यांत येथें पाण्याचा सांठा ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं लढाई. प्रतापरावांनीं खानाचें पाणी तोडिलें; खान जेरीस येऊन शरण आला, आणि प्रतापरावांनीं त्यास जाऊं दिलें. महाराजांस हें रुचलें नाहीं. पुढें १६७४ च्या फेब्रुवारींत नेसरीच्या खिंडींत त्याच खानाशीं लढतांना प्रतापराव पडले.

याविषयीं कागद किती बोलतात? जेधे शकावलींतील उमराणीची नोंद त्रोटक आहे. जयराम पिंड्यांचें ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हें संस्कृत काव्य या मोहिमेचें वर्णन करतें. सभासदाची बखर महाराजांचा रोष सांगते. इंग्रजांच्या पत्रव्यवहारांत दोन डोंगरांमधील अरुंद वाट आणि सहा स्वार यांचा उल्लेख येतो; त्या सहांचीं नांवें येत नाहींत. आणि खानास सोडतांना प्रतापरावांच्या मनांत काय होतें, हें तर कोणताच कागद सांगत नाहीं. ती दया होती, कीं शरणागतास मारूं नये हा क्षात्रधर्म, कीं आपल्याहि लोकांचें बळ सरलें आहे हा हिशेब? कादंबरीकाराची हक्काची जमीन ती हीच.

यावरून कोणत्याहि ऐतिहासिक कादंबरीस तीन प्रश्न विचारतां येतात. कागद मुके आहेत तेथें लेखक कल्पना करतो, कीं कागद बोलत असतां त्यांचें तोंड दाबतो? पाणी, ऋतु, घोड्याची मजल, म्हणजे एकंदर भूमि त्यास ठाऊक आहे काय? आणि प्रतिपक्षाचा माणूस त्यानें माणूस ठेविला आहे काय?

तिसरा प्रश्न जतकरांस विशेष जवळचा वाटावा. येथील डफळे घराणें डफळापूरच्या पाटिलकीपासून विजापूर दरबाराच्या सेवेंत चढलें, आणि जतची देशमुखी त्यांस त्याच दरबाराकडून मिळाली. पुढें ही जहागीर साताऱ्याच्या जहागिरींत गणली गेली, आणि १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. ज्या मुलखांत उमराणी आहे, तेथील हें घराणें शिवकालीं पलीकडच्या बाजूस होतें. ज्याचें अन्न खावें त्याची चाकरी इमानानें करावी, हीहि त्या काळची एक नीति होती. अशा सर्वांस जी कादंबरी सरसकट घरभेदे ठरविते, ती त्या युगाचा अर्धा भाग गाळते, आणि स्वराज्याचें मोलहि कमी करते. कारण किती जवळच्या माणसांशीं झगडून तें उभें राहिलें हें मग कळतच नाहीं.

या कसोटीस ‘उषःकाल’ आजहि उतरते. सुलतानगडचा किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरचा इमानी सेवक, आणि मुलाचा ओढा शिवाजी महाराजांकडे. बाप व लेक दोघेहि आपापल्या ठिकाणीं खरे वाटतात. कागद हातीं थोडे असतांहि हरिभाऊंनीं तें युग ओळखलें. भूमीच्या ज्ञानाकरितां दांडेकरांची ‘झुंजार माची’ घ्यावी. या लेखकानें गड पायांनीं तुडविले होते. कागदांच्या मौनांतून घडविलेली कथा हवी असेल, तर देसायांची ‘स्वामी’ (१९६२). थोरल्या माधवरावांचें राजकारण पत्रांत आहे. परंतु माधवराव आणि रमाबाई यांचें घरांतलें बोलणें कोणत्या दप्तरांत असणार? ज्यास इतिहासानें अपयशाचा धनी ठरविलें, त्या दुसऱ्या बाजीरावाकडे पुन्हां पाहावयाचें, तर इनामदारांची ‘मंत्रावेगळा’. आणि त्यांचीच ‘शहेनशहा’ तर प्रत्यक्ष औरंगजेबास नायकाच्या जागीं बसविते. या पांच वाचून झाल्यावर वाचकानें लांबलचक मालांत खुशाल शिरावें.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. या कादंबऱ्यांच्या शेजारीं सभासदाची बखर घरांत असावी. ती लहान आहे. थोड्या बैठकींत वाचून होते. कादंबरी संपली म्हणजे मुलांस विचारावें, यांत बखरींतलें किती आणि लेखकाचें किती? उत्तर चुकलें तरी बिघडत नाहीं. हा प्रश्न ज्यास आपण होऊन पडूं लागला, त्यास पुढची कादंबरी कोणती घ्यावी हें दुसऱ्यानें सांगण्याची गरज राहत नाहीं.