कॉन्कर्डचे द्राक्ष आणि एफ्रेम बुल

मॅसॅच्युसेट्स राज्यातील कॉन्कर्ड हे गाव मराठी वाचकांस परिचित आहे ते एमर्सन आणि थोरो यांच्यामुळे. थोरो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहत होता (१८४५–४७), त्याच सुमारास गावच्या लेक्सिंग्टन रस्त्यावर एक मनुष्य रानद्राक्षाच्या बियांपासून उगवलेली रोपे वर्षानुवर्षे निरखीत होता. एफ्रेम वेल्स बुल हे त्याचे नाव. वाङ्मयाच्या इतिहासात त्याचा उल्लेख आलाच तर हॉथॉर्नचा शेजारी म्हणून येतो. शेतीच्या इतिहासातील त्याचे स्थान मात्र याहून पुष्कळ मोठे आहे.

बुलचा जन्म ४ मार्च १८०६ रोजी बॉस्टन येथे झाला. शेती हा त्याचा मूळचा व्यवसाय नव्हे. सोन्याचा वर्ख ठोकण्याच्या धंद्यात त्याने उमेदवारी केली आणि १८३६ मध्ये तो कॉन्कर्डला येऊन राहिला. द्राक्षांची आवड त्यास पूर्वीपासूनच होती. परंतु न्यू इंग्लंडची हवा या पिकास प्रतिकूल. युरोपीय जातीचे वेल तेथील हिवाळ्यात टिकाव धरीत नसत, आणि इझाबेला, कटॉबा ही अमेरिकेतील प्रचलित वाणे इतकी उशिरा पिकत की फळ तयार होण्यापूर्वीच हिमतुषार पडे. तेव्हा जे द्राक्ष त्या भूमीत आपण होऊन वाढते, त्यातूनच लवकर पिकणारे वाण निवडून काढावे, असा बुलचा विचार होता. कोल्ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रानद्राक्षाचे बी त्याने १८४३ मध्ये लावले. त्या रोपांपैकी एकास १८४९ मध्ये मनाजोगे फळ आले. ते टपोरे, काळसर जांभळे, सुवासिक असून लवकर पिकणारे होते. १८५३ मध्ये बॉस्टनच्या उद्यानविद्या मंडळापुढे ते प्रदर्शित झाले आणि पुढील वर्षी त्याच्या रोपांची विक्री सुरू झाली. एका रोपास पाच डॉलर अशी, त्या काळी भारीच म्हणावी लागेल अशी किंमत होती. पहिल्या वर्षी बुलच्या हाती सुमारे ३,२०० डॉलर आले.

पुढे मात्र हा ओघ आटला. त्याचे कारण द्राक्षाच्या प्रकृतीतच आहे. द्राक्षाचे बी पेरले तर मूळ वाण जसेच्या तसे उतरत नाही. पण काडी लावली की मूळ वेलाची हुबेहूब प्रत तयार होते. म्हणजे निवड करणाऱ्यास वर्षे घालवावी लागतात, आणि प्रत काढणाऱ्यास एक रोप विकत घेतले की पुरते. रोपवाटिकांच्या मालकांनी एकेक रोप घेऊन त्यापासून हजारो केली व आपल्याच नावाने विकली. व्यवहाराच्या दृष्टीने यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. न्यू जर्सीतील वेल्श नावाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये याच द्राक्षाचा रस न आंबवता टिकविण्याची रीत काढली, आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. बुलच्या पदरी त्यातले काही पडले नाही.

याच काळात बुल राज्याच्या विधिमंडळात होता, ही गोष्ट त्याच्या चरित्रात विशेष विचारार्ह आहे. १८५५ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला आणि शेतीविषयक समितीचे अध्यक्षपद त्यास मिळाले; नंतर राज्याच्या सेनेटमध्येही त्याने काम केले. रोपे विक्रीस आल्यानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे त्याच्या वाणाच्या प्रती देशभर पसरू लागल्या असताना, हा शेतकरी कायदे करणाऱ्यांच्या पंक्तीस बसला होता. तरीही आपल्या हानीवर उपाय करणे त्याच्या हाती नव्हते. शोधकास हक्क देण्याचा अधिकार अमेरिकेच्या राज्यघटनेने संघराज्याच्या काँग्रेसकडे सोपविलेला आहे, आणि वनस्पती ही कोणा शोधकाची मिळकत होऊ शकते ही कल्पनाच त्या वेळच्या कायद्यास अपरिचित होती. कलमाने वा काडीने वाढणाऱ्या नव्या वाणांस असे संरक्षण देणारा कायदा झाला तो १९३० मध्ये. बुल २६ सप्टेंबर १८९५ रोजी निवर्तला होता. अखेरच्या काळात तो गावातील वृद्धाश्रमात होता. रोपे विकणाऱ्यांविषयीची कटुता त्याने कधी लपविली नाही, आणि पेरणारा एक व कापणारे दुसरे, अशा आशयाचे शब्द त्याच्या थडग्यावर कोरलेले आहेत.

या द्राक्षास त्याने स्वतःचे नाव न देता गावाचे दिले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आजही ते ‘कॉन्कर्ड’ म्हणूनच विकले जाते आणि खाणारास बुल ठाऊक नसतो. आपल्याकडील नामकरणाची एक रीत याच्या नेमकी उलट आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलांतून निवडलेले ‘सोनाका’ हे वाण सोलापूर, नान्नज व काळे यांच्या आद्याक्षरांनी बनले, असे सांगतात. जिल्हा, गाव आणि शेतकरी तिन्ही एका शब्दात आले. नाव राहिले म्हणजे हक्क राहतोच असे नाही. भारतात शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाच्या नोंदणीची तरतूद २००१ च्या कायद्याने झाली. त्याच कायद्याने शेतकऱ्यास आपल्या पिकाचे बी राखण्याची, देवघेव करण्याची आणि विकण्याचीही मुभा ठेवली आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील वेष्टनात घालून नाममुद्रेने विकता येत नाही. कॉन्कर्डच्या रोपवाटिकांनी केले होते ते जवळपास हेच.