घोड्याच्या सांध्यातल्या पेशी आम्ल कसं बाहेर टाकतात?

माथेरानमध्ये दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारी जात नाहीत. पर्यटकांना पाठीवर घेऊन घोडे तांबड्या दगडी वाटेवर दिवसभर फेऱ्या मारतात. प्रत्येक पावलाचा दणका हाडांच्या टोकांवरची कूर्चा सोसते. देवरूख असो वा दादर, मटणाच्या दुकानात नळीच्या टोकाला जो पांढरा, गुळगुळीत थर दिसतो, तीच कूर्चा.

या थरात रक्तवाहिन्या नसतात. साखर आणि ऑक्सिजन सांध्यातल्या द्रवातून झिरपत येतात, तेही बेताचेच. त्यामुळे कूर्चापेशी ऊर्जेसाठी मुख्यतः ऑक्सिजनशिवाय साखर फोडतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल बनतं. जोरात धावताना स्नायूंत ते वाढतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कूर्चापेशी मात्र घोडा तबेल्यात उभा असतानाही तेच करतात.

भर म्हणजे पेशींभोवतीच्या प्रोटिओग्लायकन रेणूंवर ऋण भार असतो. त्यामुळे धन आयन तिथे गोळा होतात, त्यांच्यामागून पाणी येतं आणि कूर्चा फुगून दणका सोसते. पण हायड्रोजन आयनही धनच! रक्ताचा सामू सुमारे ७.४, तर कूर्चेत तो ६.९ पर्यंत उतरतो. फरक अर्ध्या अंकाचा दिसतो, पण हायड्रोजन आयन तिपटीहून थोडे जास्त होतात. पावलाच्या दाबाने पाणी पिळून निघालं की आम्लता आणखी वाढते.

मग पेशी तग कशी धरते? तिच्या आवरणात सोडियम-हायड्रोजन एक्स्चेंजर नावाची प्रथिनं असतात. एक सोडियम आयन आत घ्यायचा, एक हायड्रोजन आयन बाहेर ढकलायचा, असा रोखठोक व्यवहार. ऋण भारामुळे कूर्चेत सोडियम रक्ताच्या जवळपास दुप्पट असतं, म्हणजे अडचण निर्माण करणाराच तोडगाही पुरवतो. आत आलेलं सोडियम दुसरा पंप बाहेर काढतो. त्याला ऊर्जा लागते. इतर अनेक पेशींना मदत करणारं बायकार्बोनेट इथे फारसं उपयोगी नाही. ते स्वतः ऋण असल्याने कूर्चेत कमीच शिरतं.

ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी घोड्याच्या कूर्चापेशींवर प्रयोग केले. सामूप्रमाणे कमी-जास्त चमकणारा रंग पेशीत भरायचा, पेशी मुद्दाम आम्लधर्मी करायची आणि ती किती वेगाने सावरते ते पाहायचं. ऑक्सिजन फारच कमी केला, तेव्हा आम्ल बाहेर टाकण्याचा वेग मंदावला. म्हणजे ऑक्सिजनवर फारशा न जगणाऱ्या या पेशींनाही थोडा ऑक्सिजन हवाच.

सामू बिघडला की नवं प्रोटिओग्लायकन बनणं घटतं. कूर्चेत पेशी मुळातच विरळ, आणि प्रौढ घोड्यात त्या क्वचितच विभागतात. झीज भरून निघत नाही. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, दिसते ती हाडांमधली फट. ती अरुंद दिसेपर्यंत बरीचशी कूर्चा गेलेली असते.