दोन हातांमधली घासाई (लाकडी पॉलिश)

लाकडावर पॉलिश किंवा व्हार्निशचा एक हात वाळल्यावर दुसरा देण्याआधी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासतात, ती ही घासाई.

पहिल्या हाताच्या ओलीने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि तसेच कडक होतात. रंधून, घासून गुळगुळीत केलेल्या सागवानी फळीवरून अशा वेळी तळहात फिरवला, तर काटेरी खरखर लागते. वॉटर-बेस्ड पॉलिशमध्ये ती सर्वाधिक असते. सगळ्या घासायांत पहिल्या हातानंतरची सर्वांत मोलाची. ती टाळून पुढे कितीही हात दिले तरी खरखर झाकली जात नाही.

पुढची गरज पॉलिशच्या जातीवर ठरते. चपडा लाख स्पिरिटमध्ये आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर थिनरमध्ये, वाळल्यानंतरही विरघळतात. त्यामुळे नवा हात जुन्यात मुरून एकजीव होतो. तिथे घासायचे ते बसलेली धूळ, ओघळ आणि ब्रशच्या खुणा काढण्यापुरते. तेली व्हार्निश आणि पीयू (पॉलीयुरेथेन) यांचे तसे नाही. वाळताना त्यांच्या रेणूंची कायमची जाळी विणली जाते, ती पुन्हा विरघळत नाही. पुढचा हात धरून ठेवायला तिथे बारीक ओरखडेच लागतात. घासल्यावर पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसला पाहिजे. चमकणारा ठिपका म्हणजे राहिलेली जागा, आणि पापुद्रा सुटतो तो बहुधा अशाच जागी. काही पीयूंना ठरावीक तासांच्या आत दुसरा हात दिला तर घासाई लागत नाही. ती मुदत डब्यावर छापलेली असते.

नंबर वाढतो तसा कागद बारीक होतो. साधारणपणे 320 नंबर चालतो, शेवटच्या हाताआधी 400. कोऱ्या लाकडाचा 80 किंवा 100 नंबर पॉलिशवर फिरवला, तर त्याचे चरे वरच्या हातातूनही दिसतात. पिठासारखी कोरडी भुकटी सुटली की हात वाळला समजावे. कागदावर चिकट गोळ्या धरल्या, तर हात अजून ओला आहे, काम थांबवावे. दमट पावसाळी हवेत हे वारंवार घडते. कागद ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने, दाब न देता फिरवावा. कडा-कोपऱ्यांवर मात्र ठोकळा नको: तिथे थर पातळ असतो, दोन फेऱ्यांत स्टेन (लाकडाला दिलेला रंग) उडून कोरे लाकूड उघडे पडते आणि तो रंग पुन्हा जुळवणे फार कठीण जाते.

वॉटर-बेस्ड पॉलिशवर स्टील वूल वापरू नये. त्याचे अडकलेले कण गंजून डाग पडतात.